गरम इंजिन का रुसते?

मे महिना, दुपारची वेळ. महाडला नात्यातला निकाह आटोपून आम्ही पनवेलकडे निघालो होतो. वाटेत जोहरच्या नमाजसाठी थांबलो. वीस मिनिटांनी परत आलो, तर अब्बांची जुनी कार्बुरेटरवाली गाडी सुरू होईना. स्टार्टर फिरत होता, इंजिन पेट घेत नव्हते. अम्मी आणि बहिणीचे तान्हे मूल उन्हात. अब्बा अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिले, कुणी म्हणाले चोक ओढा. शेवटी बॅटरी संपली आणि धक्का मारावा लागला.

त्यानंतर एका गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली, पंप बदलला. खर्च झाला, खोड तशीच राहिली. घरात गाडी विकण्याची बोलणी सुरू झाली. मग कुर्ल्याच्या एका चाचांना गाडी दाखवली. जन्मभर टॅक्सी दुरुस्त केलेले हे गृहस्थ. त्यांनी पाना हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारला, “बंद पडल्यावर पेट्रोलचा वास येतो का?”

वाचकहो, या प्रश्नातच सारे आले. जाड बुडाच्या पातेल्यात दूध तापवताना गॅस बंद केला तरी दूध वर येतच राहते. इंजिनाचेही तसेच होते. चालू असताना पंखा आणि पाणी त्याला थंड ठेवतात. बंद करताच दोन्ही थांबतात आणि इंजिनाची धग बॉनेटखाली साठू लागते. पेट्रोल हे अनेक द्रव्यांचे मिश्रण. त्यातला हलका भाग ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतो. म्हणून दहा-वीस मिनिटांचा थांबा सर्वांत त्रासाचा. लगेच सुरू केली तर गाडी चालते, तासाभराने केली तरी चालते.

आता या उकळण्याचे दोन उलटे परिणाम होतात. पहिला : कार्बुरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून इंजिनात सांडते. पेट्रोल जास्त, हवा कमी. वास येतो, प्लग भिजतात. अशा वेळी चोक मुळीच ओढू नये. पॅडल हळूहळू पूर्ण खाली दाबून तसेच धरावे, पुन्हा पुन्हा मारू नये. हवेची वाट उघडी ठेवून स्टार्टर जास्तीत जास्त दहा सेकंद फिरवावा, मग थोडा विसावा द्यावा.

दुसरा : पंपात किंवा नळीत वाफ अडकते आणि पेट्रोल पुढे सरकतच नाही. वास नसतो. पारदर्शक फिल्टर असेल तर तो रिकामा किंवा बुडबुड्यांनी भरलेला दिसतो. इथे बॉनेट उघडून वाट पाहावी. पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवावे. तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर मात्र पाणी ओतू नये, लोखंडाला तडा जातो. पंपाला हाताचा खटका असेल तर तो काही वेळा दाबून पेट्रोल पुढे आणावे.

वासही नाही आणि फिल्टरही भरलेला, असे असेल तर इग्निशन कॉइलवर संशय घ्यावा. तापल्यावर तीही दगा देते. ठिणगीची तपासणी मेकॅनिककडूनच करावी. पेट्रोलचा वास असताना तर ती करूच नये.

आमच्या गाडीत वास येत होता. चाचांनी कार्बुरेटर उघडला. नीडल व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला होता आणि कार्बुरेटरखालचे फायबरचे जाड पॅकिंग चिरले होते. इंजिनाची धग वर जाऊ न देणे हेच त्या पॅकिंगचे काम. दोन्ही बदलले, फ्लोटची पातळी नीट केली, पाइपजवळून जाणारी नळी दूर सरकवली. नव्या पंपाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ होता.

एक गोष्ट जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल एकटे ७८ अंशांवर उकळते, पण पेट्रोलमध्ये मिसळले की मिश्रणाची वाफ अधिक सहज होते. शिवाय जुन्या रबराच्या नळ्या त्याने फुगतात, चिरतात. गरम इंजिनावर गळणारी नळी म्हणजे आगीला आमंत्रण. इथेनॉल चालणाऱ्या नळ्या बसवून घ्या. गळती दिसली तर गाडी सुरू न करता आधी मुलांना खाली उतरवा.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही त्याच रस्त्याने गेलो आणि त्याच ठिकाणी थांबलो. अब्बांनी चावी फिरवली. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. विकण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.