लिफ्ट कोणाची?

आमच्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या बायकांना सकाळी ८ ते १० लिफ्ट बंद. आमच्या मावशी गुडघे धरत नऊ मजले चढतात. गेल्या महिन्यात डोकं फिरलं आणि कमिटीला दीड पानी पत्र लिहिलं. अन्याय, माणुसकी, एकविसावं शतक... सगळं होतं त्यात. मला स्वतःला जाम आवडलं होतं. सेक्रेटरीकाकांनी शांतपणे एवढंच विचारलं, "ते ठीक आहे रे, पण लिफ्टचा मेंटेनन्स कोण भरतं?"

माझी बोलती बंद.

गंमत म्हणजे, ऑफिसात कुणी 'अ‍ॅप चालत नाही, फार मनस्ताप होतो' एवढाच बग टाकला तर मी तो सरळ परत पाठवतो. काय केल्यावर चालत नाही ते लिही म्हणतो. आणि स्वतः मात्र दीड पान मनस्ताप लिहून मोकळा!

त्या शनिवारी आंबेडकरांचं 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' पुन्हा काढलं. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेलं भाषण. मंडळाला त्यातला काही मजकूर झेपेना, परिषद रद्द झाली, मग बाबासाहेबांनी ते स्वतःच छापलं. इंग्रजी आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. जातीच्या बाजूने तेव्हा सांगत, की ही नुसती श्रमविभागणी आहे, सुधारलेल्या समाजाला ती लागतेच. बाबासाहेब हे उडवून लावत नाहीत. श्रमविभागणी लागते, हे मान्यच करतात. मग दाखवतात की इथे विभागणी नुसती श्रमाची नाही, श्रमिकांचीही केली आहे, तीही एकाला दुसऱ्याच्या डोक्यावर बसवून. झालं, समोरच्याला पळायला जागाच नाही. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर गांधीजींची टीका त्यांनी आपल्याच पुस्तकात छापली, सोबत आपलं उत्तर. जुन्या शास्त्रग्रंथांतली पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची रीत हीच. आपण मात्र समोरच्याचा मुद्दा सांगतानाच त्याला वेडगळ करून टाकतो. असो.

पत्र फाडलं. नव्या पत्राची पहिली ओळ काकांचीच: जो मेंटेनन्स भरतो त्याची लिफ्ट. बरं. मग पाहुणे? कुरिअरवाला? आठव्या मजल्यावर पिझ्झा आणणारा पोरगा? यातलं कुणीच भरत नाही, आमच्याकडे कुणालाच बंदी नाही. म्हणजे हा नियम पैशाचा नाहीच. तो कशाचा आहे, ते मी लिहिलं नाही. वाचणाऱ्याला कळतं.

गर्दीचा मुद्दा मात्र खरा निघाला. सोमवारी साडेआठला मीच सहा मिनिटं लिफ्टची वाट बघत उभा होतो. तेही लिहून टाकलं, आणि दोनपैकी एक लिफ्ट सकाळी फक्त पाचव्याच्या वर थांबवा असं सुचवलं.

बायको म्हणाली, "फारच कोरडं झालंय." असेल. मावशींना विचारून त्यांच्या गुडघ्यांची एक ओळ ठेवली आहे. 'अन्याय' हा शब्द एकदाही नाही.

मीटिंग येत्या रविवारी अकराला. काकांनी पत्र दोनदा वाचलं आणि नुसतं "हं" म्हणाले.