लोकलच्या प्रवासासाठी टॅब घेताय?

कर्जतहून लोकलने सीएसएमटी गाठायला सुमारे 2 तास लागतात. ऑफिसचे मेल गाडीतच उरकले, तर घरी पोहोचल्यावरची संध्याकाळ तुमची! मात्र टॅब निवडण्याआधी स्वतःला विचारा, गाडीत बसायला जागा मिळते का?

उभ्याने जात असाल तर एका हातात मावणारा 8 इंची टॅब घ्या. 11 इंची जवळपास अर्धा किलोचा असतो. जागा मिळत असेल आणि टायपिंग भरपूर असेल, तर मोठाच सोयीचा.

फक्त वायफायवाला टॅब स्वस्त पडतो, पण हॉटस्पॉट देताना फोनची बॅटरी भराभर उतरते. रोज काम करायचं असेल तर सिमवालाच घ्या. सिनेमे मात्र आदल्या रात्री घरीच डाउनलोड करून ठेवा.