औषध स्वस्त, आधार महाग

उन्माद आणि विषण्णता यांच्या फेऱ्यात माणसाला अडकवणारा द्विध्रुवी मनोविकार आटोक्यात ठेवता येतो. लिथियमचा गुण जॉन केड यांनी १९४९ साली दाखवून दिला. ते औषध स्वस्त आहे. परंतु त्यासाठी रक्ताची नियमित तपासणी लागते, आणि खेड्यातल्या मजुराला त्याकरिता अनेकदा रोज बुडवून शहर गाठावे लागते. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क मानला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्व आलेल्या सरकारी नोकराची नोकरी राखली. असंघटित कामगाराला मात्र ते कवच नाही. पुरेशी झोप, नियमित काम आणि समजून घेणारी माणसे यांवाचून नुसती गोळी अपुरी पडते. म्हणून तालुक्याला तपासणीची सोय आणि आजारपणात रोजगाराची हमी, या मागण्या कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घातल्याच पाहिजेत.