'कधीकधी' निसटणारा खटका

गेल्या रविवारी आमचा एक लेफ्टनंट माझ्या दारात येऊन उभा राहिला. नाशिकचा मुलगा, पंचविशीही गाठलेली नाही. महाजनच्या फायरिंग रेंजवरून आदल्याच रात्री परतला होता, कानामागे अजून वाळू होती. हातात घडीचा चाकू.

"सर, तुम्हाला चाकूंतलं कळतं म्हणतात. याचं लॉक जरा ढिलं झालंय. बघता का?"

युनिटमध्ये माझी ही ख्याती कोणी पसरवली देव जाणे. मी विचारलं, "ढिलं म्हणजे नक्की काय होतं?"

"तसं काही नाही सर. कधीकधी निसटतं."

"किती वेळा निसटलं?"

"दोन... तीनदा. पण मला सवय झालीय."

सगळा घोळ त्या 'कधीकधी'त आणि त्या 'सवयी'त आहे. बंदूक 'कधीकधी' सेफ्टीवर असते असं कोणी म्हणालं तर आपण त्याला तिथेच उभं करून सोलून काढू. चाकूच्या बाबतीत मात्र शिकलेसवरलेले अधिकारीसुद्धा हे वाक्य हसत हसत बोलतात. मीही बोलत होतो एके काळी. त्याबद्दल पुढे सांगतो, आधी चाकू उघडू.

ज्यांच्या खिशात असा चाकू कधी नव्हता त्यांच्यासाठी थोडक्यात. घडीच्या चाकूचं पातं एका खिळ्यावर फिरतं, त्याला पिव्हट म्हणतात. उघडल्यावर पातं परत मिटू नये म्हणून खटका असतो. हल्लीच्या बऱ्याच चाकूंत हा खटका म्हणजे मुठीच्या आतली पोलादाची किंवा टायटॅनियमची एक लवचीक पट्टी. पातं पूर्ण उघडलं की ही पट्टी आतल्या बाजूला सरकते आणि पात्याच्या टाचेमागे उभी राहते, दाराला आतून अडसर लावावा तशी. याला लायनर लॉक म्हणतात. १९८०च्या दशकात मायकेल वॉकर नावाच्या अमेरिकन कारागिराने त्याला आजचं रूप दिलं. त्याआधी जोर होता तो पाठीवरच्या खटक्याचा, म्हणजे लॉकबॅकचा. मुठीच्या पाठीत एक तरफ, तिचं नाक पात्याच्या खाचेत बसतं. फ्रान्सच्या ओपिनेलचा प्रकार आणखी साधा: मुठीच्या तोंडावर एक कडं, ते फिरवलं की पात्याची वाट बंद. कंपनी १८९० सालची, कडं १९५५ साली आलं. ईशान्येच्या पोस्टिंगमध्ये माझ्याकडे एक ओपिनेल होता. पावसाळ्यात त्याची लाकडी मूठ अशी फुगायची की पातं बाहेरच यायचं नाही. त्याचा खटका कधी निसटला नाही, कारण चाकू उघडायचाच नाही!

तर लेफ्टनंटचा चाकू लायनर लॉकचा होता. आपल्याला वेपन ट्रेनिंगच्या उस्तादांनी 'रोकें और फौरी इलाज' घोकून घेतलं होतं, तेच इथे लावायचं. आधी रोक ओळखा, मग इलाज. आपली खोड अशी की हातात पेचकस आला की आधी इलाज सुरू.

चाकू उघडा आणि पातं चिमटीत धरून हलवून पाहा. ते डावीउजवीकडे डुलत असेल तर दोष बहुधा पिव्हटचा. स्क्रू सैल झालाय, पाव फेरा आवळला की काम झालं. पण पातं धारेच्या दिशेने, म्हणजे मिटण्याच्या आणि उघडण्याच्या रेषेत हलत असेल, अगदी केसभर जरी, तर दोष खटक्याचा. आवळाआवळीने तो जात नाही. उलट स्क्रू जास्त आवळला की पातं शेवटपर्यंत उघडतच नाही, पट्टी अर्धवट चढते आणि आपल्याला वाटतं बसली. ही दोन हलणी वेगळी ओळखता आली की अर्धं निदान झालं.

मग उजेडात धरून पट्टी कुठे बसलीय ते पाहायचं. टाचेच्या रुंदीच्या पाव ते अर्ध्या भागापर्यंत ती सरकलेली असावी. जेमतेम काठावर उभी असेल तर बाजूच्या जरा दाबाने सुटणार. पार पलीकडच्या भिंतीला टेकली असेल तर झिजली, आता पुढे सरकायला जागाच नाही. नक्की कुठे टेकते ते कळत नसेल तर टाचेवर मार्करची शाई लावा, आठदहा वेळा उघडा-मिटा, शाई जिथे खरवडली जाईल तिथे स्पर्श होतोय.

लेफ्टनंटच्या चाकूतली पट्टी जेमतेम काठावर होती. मला बरं वाटलं, कारण याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे घाण. महाजनची वाळू तर अशी की डब्यातल्या पोळीतही दाताखाली येते. टाचेच्या कोपऱ्यात तेलात कालवलेली वाळू घट्ट बसली की पट्टी पुढे जाणार कशी? चाकू खोलला, रॉकेलमध्ये ठेवला, जुन्या टूथब्रशने घासला, मग साबणाचं गरम पाणी, मग कोरडा. पिव्हटवर पातळ तेलाचा एकच थेंब. पट्टी आणि टाच जिथे भेटतात तिथे तेल अजिबात नाही, तो भाग कोरडाच हवा. आपल्या लोकांना तेलाचं भारी प्रेम. रायफलला पाजायची सवय, ती चाकूपर्यंत येते. पट्टी चिकटून बसत असेल आणि सोडवताना अंगठा दुखत असेल तर तिथे पेन्सिलीचं शिसं घासावं, तेल नाही.

जोडला. आता परीक्षा. बोटं पात्याच्या वाटेबाहेर ठेवून, मूठ दोन्ही बाजूंनी धरून, पात्याची पाठ घडी घातलेल्या कांबळ्यावर दाबायची. हळूहळू जोर वाढवायचा. यूट्यूबवर लोक टेबलावर ताडताड आपटतात ते करू नका, चांगला खटकाही त्याने बिघडतो. शिवाय मूठ गच्च आवळून मनगट पिळून पाहायचं, कारण काही चाकूंत आपल्याच बोटाचं मांस पट्टीला बाजूला ढकलतं.

तीनदा टिकला. चौथ्यांदा खट् करून मिटला.

लेफ्टनंट माझ्याकडे बघत होता. "सर, कानस आहे माझ्याकडे. टाच जरा घासली तर पट्टी आणखी आत जाईल ना?"

जाईल. मी ते केलेलं आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी मी कॅप्टन होतो, उत्तर सिक्कीममध्ये, पंधरा हजार फुटांच्या वर. माझ्याकडे असाच एक चाकू होता, पहिल्या पगारांतून हौसेने घेतलेला. त्याचा खटका दोनदा निसटला होता. दोन्ही वेळा बोट वाचलं, आणि बोट वाचलं की माणूस शहाणा होण्याऐवजी धीट होतो. मी गाडीच्या टूलकिटमधली बारीक कानस घेतली आणि एका संध्याकाळी बुखारीशेजारी बसून टाच घासली. तो उतार काही अंशांच्या हिशेबाने दिलेला असतो. तो थोडा जरी चुकला तर पट्टी बसते छान, पण जोर आला की घसरगुंडीवरून उतरावी तशी बाहेर येते. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. पट्टी आत गेलेली दिसली, खट् असा आवाज आला. मी खूश.

महिन्याभराने एका सकाळी गाडीवरची ताडपत्री सोडायची होती. दोर गोठून लाकूड झालेला. एक नाईक, कुमाऊंचा, माझ्या पार्टीतला सगळ्यात भरवशाचा माणूस, ओरडला, "साहब, चाकू है?" मी खिशातून काढून त्याच्याकडे फेकला. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललो नाही. विसरलो म्हणावं तर तसंही नाही. 'दुरुस्त केलाय' हे मी स्वतःला पटवून दिलं होतं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. आपण नेहमी कापतो तेव्हा जोर धारेवर येतो आणि पातं आणखी उघडण्याच्या दिशेने ढकललं जातं. तेव्हा खटका नसला तरी चालतं. पातं मिटतं ते रुतलेलं पातं मागे ओढताना, टोक खुपसताना, पाठीवर जोर आल्यावर. त्याने दोराच्या गाठीत टोक घातलं, ते अडकलं, त्याने हिसका दिला. हातमोजा होता, पण लोकरीचा. धार मी आदल्याच आठवड्यात लावली होती.

उजव्या हाताची तर्जनी. बोट वाकवणारी शीर तुटली होती, डॉक्टर ज्याला फ्लेक्सर टेंडन म्हणतात. खाली हॉस्पिटलला पोहोचायला बराच वेळ गेला, ऑपरेशन झालं, पण ते बोट पुन्हा कधी पूर्ण वाकलं नाही. ट्रिगरचं बोट. ज्यांनी गणवेश घातलाय त्यांना पुढचं सांगायला नको: शेप-वनमधून खाली, मग प्रत्येक बोर्डाच्या वेळी तेच बोट डॉक्टरपुढे. तो हवालदार म्हणून पेन्शनला गेला, जेसीओ झाला नाही. बोट हे एकमेव कारण होतं असं मी म्हणू शकत नाही. नव्हतंच असंही म्हणू शकत नाही.

इंज्युरी रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं, दोर कापताना हात घसरला. त्यानेच तसं सांगितलं होतं, "मेरी ही गलती थी साहब." ती ओळ मी लिहिली नव्हती. पण मी ती खोडलीही नाही. सीओंना खरं सांगितलं ते चार महिन्यांनी, आणि त्याला स्वतःला सांगायला मला आणखी एक वर्ष लागलं.

म्हणून माझं मत जरा टोकाचं आहे, ते टोकाचंच राहू दे. दहातल्या नऊ वेळा टिकणारा खटका हा अजिबात खटका नसण्यापेक्षा वाईट. माझ्या आजोबांच्या बंडीच्या खिशात सुपारी कातरायला एक बिनखटक्याचा चाकू असायचा. आत नुसती स्प्रिंग, जोर आला की पातं मिटणारच. त्यांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांची बोटं कधी पात्याच्या वाटेत नसायची. स्विस सैनिकांचंच बघा. १८९१ पासून २००८ पर्यंत त्यांना मिळणाऱ्या चाकूच्या मोठ्या पात्याला खटका नव्हता. शंभरावर वर्षं एका आख्ख्या सैन्याने तसं काम केलं. खटका आला की हाताची ती सावधगिरी आपण खटक्याकडे सोपवून टाकतो. त्यात वाईट काही नाही, सोपवण्यासाठीच तो केलाय. मात्र एकदा सोपवल्यावर तो 'कधीकधी' ड्यूटीवर असून चालत नाही.

आमच्याकडे आणखी एक रोग आहे, मनगट झटकून चाकू उघडायचा. रामपुरीच्या हिंदी सिनेमांवर वाढलेली माझी पिढी, आणि आता रील्सवर वाढलेली ही. प्रत्येक झटक्याला टाच पट्टीवर आदळते, महिन्यात शेकडो वेळा. मग म्हणायचं, कंपनी बकवास. लेफ्टनंटला विचारलं, "झटकून उघडतोस?" तो नुसता हसला.

त्याची कानस मी घेतली नाही. पट्टी काढून हलकेच आत वाकवता येते, स्प्रिंगचा जोर वाढतो, तेवढं एकदा करून पाहिलं. पुन्हा कांबळं. या वेळी अकराव्या दाबाला मिटला. तो म्हणाला, "सर, सुधारला की! आधी चौथ्याला मिटत होता."

हे वाक्य ऐकून मला हसावं की रागवावं कळेना. मी तरी त्या वयात वेगळं काय म्हणालो असतो?

मी त्याला सिक्कीमची गोष्ट सांगितली, इथे लिहिली त्यापेक्षा थोडी जास्त. तो गप्प झाला. मग म्हणाला की चाकू बाबांनी दिलाय, पासिंग आउटच्या दिवशी. फेकवणार नाही.

"फेकू नकोस," म्हटलं. "तुझ्याखेरीज आणखी कोणाच्या हातात जाऊ शकतो हा?"

त्याने विचार केला. रूममेट, सहायक, गाडीचा ड्रायव्हर. रेंजवर तर कोणीही मागतं.

आम्ही पातं काढलं, पिव्हटचा स्क्रू वेगळा केला आणि तिन्ही गोष्टी एका पाकिटात घातल्या. तो पाकिटावर काय लिहू म्हणून विचारत होता. लाल पेनने 'बी.ई.आर.' लिही म्हटलं, बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर. स्टोअरमधल्या फुटक्या जेरीकॅनवर लिहितो तेच.

दर दिवाळीला मला अल्मोड्याहून फोन येतो. यंदा त्याने मुलाच्या भरतीचं सांगितलं, पोरगा धावण्यात पास झालाय. "साहब, उसको भी चाकू का शौक है," म्हणाला, आणि मोठ्याने हसला.