धाकाला दर्जा समजू नका

आमच्या सणसरची मुलगी मेडिकलला लागली की गावात पेढे वाटले जातात, आणि पहिली परीक्षा जवळ आली की घरी फोनवर तिचं रडणं ऐकू येतं. मग कोणीतरी जाणतं माणूस आईबापांची समजूत घालतं, "सर कडक आहेत ना? मग पोरगी घडतेय." ज्येष्ठ डॉक्टरही हेच सांगतात: आम्ही बोलणी खाल्ली, व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, थरथर कापलो, तेव्हा कुठे डॉक्टर झालो. हा हिशेब मला मान्य नाही. धाक सोसून जे टिकले तेच आज बोलायला समोर आहेत. जे पहिल्याच वर्षात अडकले, कोर्स सोडून गेले किंवा पास होऊनही वॉर्डात तोंड उघडेनासे झाले, त्यांची साक्ष कोणी काढत नाही. टिकलेले धाकामुळे टिकले की धाक असूनही टिकले, हे त्यांच्या आठवणींवरून कसं ठरणार?

व्हायव्हाचं टेबल जरा जवळून पाहा. अ‍ॅनाटॉमीची परीक्षा आहे. परीक्षक मांडीचं हाड, फीमर, हातात देतात. "कोणत्या बाजूचं?" मुलगी हाड उभं धरते. डोकं वर आणि आतल्या अंगाला, मागे लिनिया अ‍ॅस्पेराची खडबडीत रेघ. "लेफ्ट." उत्तर बरोबर आहे. परीक्षक भुवई चढवतात. "नक्की? कुठल्या मीडियमची तू?" ती पुन्हा हाडाकडे बघते, आता तिला काही दिसत नाही. "सॉरी सर, राइट." मार्क गेले. या परीक्षेत मोजलं काय गेलं? हाड तिला येत होतं. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम तेच हाड देतात आणि उत्तर ऐकून एवढंच म्हणतात, "कशावरून?" प्रश्न अधिक अवघड झाला, कारण आता खुणा दाखवून पटवायचं आहे. पण रोख हाडावरच राहिला. माझ्या लेखी कडक शिक्षिका ती. पहिल्या टेबलावर परीक्षा झालीच नाही.

"भीती असल्याशिवाय पोरं अभ्यास करत नाहीत" या म्हणण्याला मानसशास्त्रज्ञ यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ च्या प्रयोगाचा आधार दिला जातो. तो प्रयोग उंदरांवर, विजेचे झटके देऊन केलेला होता. आणि त्यात दिसलं ते असं की काम अवघड असेल तर सौम्य झटकाच शिकायला मदत करतो, जोराचा झटका घात करतो. एमबीबीएसचा अभ्यास सोपा आहे असं कोणताही शिक्षक म्हणणार नाही. मग हा दाखला धाकाच्या बाजूने कसा काय उभा करायचा?

वजनदार आक्षेप पुढचा आहे: रुग्णासमोर दबाव असतोच, त्याची सवय नको का? तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामी येते तेव्हा आरोग्य पथकाच्या तंबूत जाऊन बघा. पायाचे फोड, ताप, चक्कर, एकामागून एक माउली. दबाव आहेच. पण छातीत दुखतंय म्हणणारा वारकरी समोर आला आणि नवख्या डॉक्टरला शंका वाटली, तर त्याला तत्काळ वरिष्ठाला विचारता आलं पाहिजे. विचारलं की हसं होतं, हेच ज्याने वर्षानुवर्षं अनुभवलं तो तिथे गप्प राहील आणि त्याची किंमत तो वारकरी मोजेल. संशोधक एमी एडमंडसन यांना अमेरिकेतल्या रुग्णालयांत १९९० च्या दशकात असं आढळलं की चांगल्या नेतृत्वाच्या विभागांत औषधांच्या चुका जास्त नोंदवल्या जातात. तिथली माणसं चूक झाली की न घाबरता सांगत होती, हे त्याचं कारण.

सगळा दोष शिक्षकांच्या माथी मारणं मात्र अन्यायाचं होईल. नीटच्या शर्यतीचा शीण, घरच्यांच्या अपेक्षा, मराठी माध्यमातून एकदम इंग्रजीत पडणं, रिकाम्या जागांमुळे शिक्षकांवरच आलेला भार, हे सगळं खरं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाच्या २०२४ च्या अहवालात, ऑनलाइन पाहणीला उत्तर देणाऱ्या पदवी विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याचा त्रास असल्याचं सांगितलं. त्यामागे कारणं अनेक असणार. पण त्यांतलं शिक्षकाचं वागणं तेवढं उद्या सकाळपासून, एक रुपयाही खर्च न करता बदलता येतं.

परीक्षा सोपी करा असं मी मुळीच म्हणत नाही. आमच्या गावाला कच्चा डॉक्टर नको आहे. आमच्या जवळचं बारामतीचं सरकारी मेडिकल कॉलेज २०१९ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी देशभर नवा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि वृत्ती, नीतिमत्ता, संवाद हे विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचे रीतसर भाग झाले. रुग्णाशी कसं बोलावं हे मूल आधी शिकतं ते शिक्षक त्याच्याशी कसं बोलतात त्यावरून. मार्गही नवा शोधायचा नाही. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत ओस्की ही परीक्षापद्धत मांडली: सगळ्यांना तीच टेबलं, तेवढाच वेळ, आधी ठरलेली गुणांची यादी. हीच शिस्त व्हायव्हाला लावा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पुढच्या हिवाळी परीक्षेपासून प्रत्येक विषयाचे व्हायव्हाचे प्रश्न आणि त्यांचे गुण आधी ठरवून द्यावेत, विद्यार्थ्याचं गाव, जात, माध्यम विचारायला परीक्षकांना लेखी मनाई करावी, आणि निकाल लागल्यावर मुलांकडून नाव न लिहिता अभिप्राय घेऊन तो परीक्षकांची पुढची नेमणूक करताना विचारात घ्यावा.