आधी वहिवाट, मग सनद

परवा एका विद्वानांनी स्पेनचा इतिहास पाऊण तासात उरकला. म्हणणं एवढंच: कॅस्तीलच्या दहाव्या आल्फोन्सो राजाने 1273 मध्ये मेंढ्यांच्या मालकांना सनद देऊन 'मेस्ता' ही संस्था काढली, लाडावलेल्या मेंढ्यांनी शेती खाल्ली आणि देश बुडाला. एक राजा, एक कागद, एक मेंढी, झाला इतिहास!

माझं भांडण 'काढली' या क्रियापदाशी आहे. राजाने संस्था काढली नाही, चालत असलेल्या संस्थेवर शिक्का मारला. त्याआधीच गावोगावचे मेंढके वर्षातून दोन-तीनदा एकत्र जमत. कशासाठी? सत्ता बळकावायला नव्हे, चुकार मेंढरं ज्याची त्याला परत द्यायला. हजारो मेंढरं एका वाटेने निघाली की कळप मिसळणारच. कोणाचं कोणतं, हे खुणेवरून ठरे. 'मेस्ता' हा शब्द 'मिसळलेलं' या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आला, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या 'मिश्र'चाच तो लांबचा भाऊ. चुकार जनावर ते 'मेस्तेन्यो', आणि अमेरिकेतला रानघोडा 'मस्टँग' त्याच शब्दाचा वंशज. म्हणजे संस्थेच्या नावातच तिचा जन्मदाखला आहे, फक्त तो वाचावा लागतो. आणि राजाला मेंढपाळांचा एवढा उमाळा कुठून आला? 1270 च्या सुमारास त्याने फिरत्या कळपांवर कर बसवला होता. ज्याच्याकडून वसुली करायची, त्याला आधी एका नावाखाली उभं करावं लागतं. त्या कौतुकाच्या सनदेत हिशेबही होता.

शेती खाल्ली म्हणता? आपल्याकडे हा वाद मी फार पूर्वी एका बागायतदाराशी घातला होता. कोकणाकडे निघालेल्या धनगरांच्या वाड्याला तो दिवसा शिव्या घाली, आणि रात्री लेंडीखतासाठी तीच मेंढरं आपल्या रानात बसवून घेई. खत गोड, मेंढरू कडू.

बडे सरदार मेस्तात होते? होते. पण सभासदांत लहान कळपवालेच जास्त.

1501 च्या कायद्याने एकदा चरलेलं कुरण जुन्याच भाड्यात मेस्ताकडे राहू लागलं. हा अन्यायच होता, मान्य. पण नातवाचं पाप आजोबाच्या माथी मारायचं हा कुठला न्याय? तेराव्या शतकाचा खटला सोळाव्या शतकाच्या पुराव्यावर चालत नाही.

मग मेस्ता होती तरी काय? माझं म्हणणं थोडक्यात मावतं: ती आधी वहिवाट होती, सनद मागून आली. उत्तरेच्या उन्हाळी डोंगरांतून दक्षिणेच्या हिवाळी कुरणांकडे जाणाऱ्या वाटा होत्या, खुणा होत्या आणि आपसातले तंटे मिटवायची बैठक होती. मोठ्या वाटांची रुंदी 90 वारा, म्हणजे सुमारे 75 मीटर. कायद्याने ती नोंदवून ठेवली.

1836 मध्ये मेस्ता बरखास्त झाली. विद्वानांच्या हिशेबाने गोष्ट तिथेच संपायला हवी. पण 1995 मध्ये स्पेनने याच वाटा सार्वजनिक मालमत्ता म्हणून कायद्याने राखल्या, आणि आजही शरद ऋतूत एका रविवारी माद्रिदच्या भर रस्त्यातून मेंढरं चालतात. मोटारी थांबून त्यांना वाट देतात. राजाची सनद गेली, मेंढरांची वाट राहिली. यातलं आधीचं कोण, ते आता विद्वानांनीच सांगावं.