विनरारला मुक्त पर्याय

फायली आटोपशीर बांधणारे विनरार हे सॉफ्टवेअर चाळीस दिवस फुकट वापरता येते, नंतर परवाना विकत घ्यावा लागतो. मुदत संपली तरी ते चालूच राहते, म्हणून अनेक कचेऱ्यांत ते विनापरवाना वापरले जाते. सिंगापूरमध्ये ही सवय महागात पडू शकते: १ जानेवारी २००५ पासून व्यापारी फायद्यासाठी जाणूनबुजून विनापरवाना सॉफ्टवेअर वापरणे हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. त्याच सुमारास, २००४ मध्ये, तिथल्या संरक्षण मंत्रालयाने हजारो संगणकांवर ओपनऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर बसवायला घेतले. फायली आटोपशीर बांधण्यासाठी तर बदल आणखी सोपा आहे. इगोर पावलोव यांनी १९९९ मध्ये आणलेले सेव्हन-झिप घरी आणि कचेरीत सारखेच मोफत आहे. ते विनरारच्या रार स्वरूपातील फायली उघडते, पण बनवत नाही, कारण रारची आकुंचन-पद्धत तिच्या मालकांनी खुली केलेली नाही. त्यामुळे विनरार काढण्यापूर्वी जुन्या रार फायली उलगडून सेव्हन-झिपच्या सेव्हन-झेड किंवा झिप स्वरूपात पुन्हा बांधाव्यात आणि उघडून तपासाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नये. दुसऱ्याला पाठवायचे असेल तर झिपच बरे, ते जवळपास प्रत्येक संगणकावर उघडते.